खुर्चीवरचा निळा शर्ट

डार्विनमध्ये ऑक्टोबर लागला की दुपारी आभाळ काळंकुट्ट होतं, तास-दीड तास गडगडतं आणि एक थेंबही न टाकता निघून जातं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. इथले लोक या दिवसांना ‘बिल्ड-अप’ म्हणतात. पावसाळा यायचाच असतो, पण तो असा महिना-दोन महिने दारात उभा राहून छळतो. अंगावरचा घाम वाळत नाही, कपाटातल्या बुटांवर हिरवी बुरशी चढते, आणि एरवी ‘नो वरीज’ म्हणणारी माणसं पार्किंगवरून एकमेकांच्या अंगावर धावून जातात. मागच्या अंगणातल्या आंब्यावर वटवाघळं भांडतात आणि अर्धवट खाल्लेले आंबे पत्र्यावर धाडकन आपटतात. इतकी वर्षं झाली, तरी त्या प्रत्येक आवाजाला मी दचकते.

माझा स्वभावच भित्रा. लहानपणी वसईला आमच्या वाडीतल्या विहिरीत मी कधी वाकून पाहिलं नाही. लग्नानंतर हा घाबरटपणा सिलूच्या करमणुकीचा विषय झाला. सिलू म्हणजे माझा नवरा, सिल्वेस्टर. ‘इझा, शेंगदाणा खातानासुद्धा तुझा जीव मुठीत असतो, घशात अडकेल म्हणून,’ असं तो चारचौघांत सांगायचा आणि स्वतःच सगळ्यांत मोठ्याने हसायचा. या जूनमध्ये, हवा अगदी सुरेख असताना, ऑफिसच्या जिन्यात त्याला हार्ट अटॅक आला. आयुष्यभर मी हजार गोष्टींना घाबरले. हीच एक तेवढी त्यात नव्हती.

तर यंदाचा बिल्ड-अप मी एकटीने सोसते आहे. मला वादळाची भीती आहे, ती नेहमीचीच. एकट्या घराची भीती आहे, ती नवी. पण सगळ्यांत जास्त भीती एका फोनची आहे. एकतीस डिसेंबरच्या दुपारी सिडनीहून होआचा फोन येईल. ती दरवर्षी विचारते तोच प्रश्न विचारेल. सिलू गेल्याचं मी तिला अजून कळवलेलं नाही. ते का नाही कळवलं, हे सांगायचं तर ऐंशी सालच्या पावसाळ्यात जावं लागेल.

त्या वर्षी एका रविवारी मिस्सा संपल्यावर फादरनी विचारलं, की निर्वासितांच्या छावणीत अडकलेल्या एखाद्या व्हिएतनामी कुटुंबाची जबाबदारी आपल्या पॅरिशमधली काही घरं मिळून घेतील का? सरकार त्यांना येऊ देईल, पण त्यांना उतरवून घेणं, राहायला जागा देणं, मुलांना शाळेत घालणं, काम शोधून देणं, हे सगळं आपण करायचं. जेवणाच्या पंगतीत आणखी भात हवा म्हणून वर करावा तितक्या सहज सिलूने हात वर केला. मी त्याला चिमटा काढेपर्यंत वेळ निघून गेली होती.

घरी आल्यावर मी म्हटलं, “अरे, आपणच इथे काल आलोय. आपल्यालाच लोक विचारतात, परत कधी जाणार म्हणून. आणि आपण कुणाला आसरा देणार?”

“खालची खोली रिकामीच आहे ना?” तो म्हणाला.

सिलूचं तर्कशास्त्र असं असायचं. मोठ्या वादळाने हे शहर जमीनदोस्त केलं, त्यानंतर ते पुन्हा उभं करायला जे इंजिनिअर आले त्यांतला तो एक. पडलेलं बांधायचं, रिकामं असेल ते भरायचं, एवढंच त्याला कळत होतं. ‘स्पॉन्सर’ हा शब्द मला तोवर क्रिकेटच्या मॅचमुळे माहीत होता. आता आम्हीच स्पॉन्सर झालो होतो. मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्ताच्या बाटल्या हलवताना विचार करायचे, की आलेल्या माणसांचं काही बरंवाईट झालं तर जाब कोण देणार?

नोव्हेंबरमध्ये होआ आली. तिशीची, लहानखुरी बाई आणि आठ वर्षांची मुलगी लिन. नवरा नव्हता. त्याचं काय झालं ते आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं आणि आम्ही विचारलं नाही. एअरपोर्टच्या बाकावर त्या दोघी एकमेकींना चिकटून बसल्या होत्या. मी घरून जाड लोकरीचं पिवळं स्वेटर घेऊन गेले होते. विमानात गारठली असेल बिचारी, अशी मला भीती! बाहेर अंगाची लाही लाही होत होती आणि मी तिला स्वेटर घालत होते. तिने ते निमूट घातलं, वर गळ्यापर्यंत बटणं लावली आणि घामाने निथळत आमच्या गाडीत येऊन बसली. सिलू हे पुढे वर्षानुवर्षं सांगत असे.

आमचं घर इथल्या बऱ्याच घरांसारखं खांबांवर उभं आहे. वर आम्ही, खाली बंद केलेली एक खोली आणि मोरी. त्या खोलीत दोघी राहू लागल्या. लवकरच पॅरिशमधल्या एकाने होआला हॉस्पिटलच्या लाँड्रीत काम मिळवून दिलं. लिन आमच्या लेकीबरोबर, ग्लोरीबरोबर शाळेत जाऊ लागली आणि पोपटासारखं इंग्रजी उचलू लागली. सगळं सुरळीत होतं. मला मात्र झोप नव्हती. आपलं माणूस खोकलं तर आपण त्याला काढा देतो आणि कूस बदलून झोपतो. लिन खाली खोकली की मी वर उठून बसायचे. ती रस्ता नीट ओलांडेल ना? बीचवर जेलीफिश असतात हे तिला कुणी सांगितलं का? होआ गॅस बंद करते का? दुसऱ्याचा जीव आपल्या भरवशावर समुद्र ओलांडून आलाय, ही जाणीव छातीवर दगडासारखी असते. ज्यांना आधार दिला त्यांना धीर येत असेल, पण देणाऱ्याची मात्र पाचावर धारण बसते.

आणि मग ती गाडी यायला लागली. पांढरी, मागे उघडा हौदा असलेली, इथे तिला ‘यूट’ म्हणतात. तिन्हीसांजेला आमच्या गल्लीत ती हळू व्हायची. आतली पोरं खालच्या खोलीकडे पाहून ओरडायची, “गो होम!” एकदा बिअरचा डबा भिरकावला. दोनदा सकाळी उठून पाहते तर पायऱ्यांवर फुटलेली अंडी आणि माशांची डोकी. त्या दमट हवेत घाण सुटली होती नुसती. मी पहाटेच पाण्याचा होज घेऊन पायऱ्या धुतल्या. होआला कळता कामा नये, असं सिलूने आणि मी ठरवलं होतं.

“पोलिसांना सांगू या का?” मी विचारलं.

“युनिफॉर्म दारात आला की ती बाई पलंगाखाली शिरेल,” सिलू म्हणाला. “दमतील ती पोरं. तू नको घाबरू.”

एका सकाळी मी होज घेऊन उतरले, तर पायऱ्या आधीच ओल्या आणि स्वच्छ. रात्री पाऊस पडून गेला असेल, असं मला वाटलं. उलट बरंच वाटलं.

नाताळ आला. या शहरात नाताळ म्हटलं की लोक आधी आभाळाकडे बघतात, कारण ते वादळ नाताळच्याच रात्री आलं होतं. आम्ही ते पाहिलं नव्हतं. पण ज्यांनी पाहिलं होतं ते कॅरोल म्हणता म्हणता वारा वाढला की मध्येच गप्प व्हायचे. रेडिओवर हवामानाच्या बातम्या लागल्या की दुकानातसुद्धा लोक काउंटरपाशी गोळा व्हायचे. मी मात्र त्या वर्षी हट्टाने करंज्या आणि शंकरपाळ्यांसारखे गोड कलकल केले. होआने माझ्याकडे एकदाच पाहिलं आणि करंजीला अशी बारीक मुरड घातली की माझ्या सासूबाईंनी कौतुक केलं असतं. तेलाच्या धुरात आम्ही दोघी शेजारी बसलो होतो. भाषा नव्हती, पण काम चाललं होतं. माझ्या आठवणीत त्या मोसमातली बिनभीतीची दुपार ती एकच.

आमच्याकडे वसईला आणि मुंबईच्या ख्रिस्ती वस्त्यांतून वर्षाच्या शेवटी ‘म्हातारा’ करतात. जुने कपडे घ्यायचे, त्यांत गवत किंवा भुसा भरायचा, डोक्यावर हॅट घालायची, गळ्यात पाटी अडकवायची आणि त्याला खुर्चीत बसवून फाटकाशी ठेवायचं. तो म्हणजे सरलेलं वर्ष. मध्यरात्री त्याला पेटवायचं, की झालं, जुनं सगळं जळलं. इतकी निरागस मजा. डार्विनला आल्यापासून आम्ही कधी केला नव्हता. त्या वर्षी सिलूला हुक्की आली. म्हणाला, “लेकीला माहीत नको, आपल्याकडे काय काय असतं?”

तीस तारखेला होआ आणि लिन लाँड्रीतल्या एका बाईकडे राहायला गेल्या होत्या. बापलेकींनी मशीनच्या खोक्यांमधला लाकडाचा भुसा आणून म्हातारा भरला. सिलूचा निळ्या चौकटीचा शर्ट, जो तो महिनाभर आलटून पालटून घालत होता, कोपराला विरला म्हणून मी बाजूला काढला होता, तो म्हाताऱ्याच्या अंगात चढला. सिलूची जुनी साइटवरची टोपी. सिलूचा मोडलेला चष्मा. हातांना पांढरे मोजे. वारा वाढला होता म्हणून सिलूने त्याला दोरीने खुर्चीला करकचून बांधलं. ग्लोरीने पुठ्ठ्यावर लाल रंगाने लिहिलं, ‘गुडबाय’. दमट हवेत रंग वाळलाच नाही, अक्षरांखाली ओघळ आले.

एकतीस तारखेला माझी सकाळची शिफ्ट होती. समुद्रात वादळ तयार होतंय, असं लॅबमधला रेडिओ सांगत होता. मी साडेतीनला घरी पोचले. म्हातारा फाटकाशी बसला होता, वाऱ्याने त्याची मान एका बाजूला पडली होती. घरात सिलू काचांना चिकटपट्ट्या लावत होता. ग्लोरी टबमध्ये पाणी भरत होती.

“होआ आली का रे?” मी विचारलं.

“दुपारी यायची होती. मी पट्ट्या आणायला गेलो होतो. खाली असेल.”

खालचं दार उघडं होतं. पलंगावरची चादर घडी घातलेली. तिची एकुलती एक बॅग नव्हती. टेबलावर माझे डबे, पातेली, चमचे, मी दिलेलं प्रत्येक भांडं घासून पुसून पालथं मांडून ठेवलं होतं. ते पाहिलं आणि मी जिन्याकडे धावले.

“सिलू!” मी ओरडले. “गेली रे ती! पोरीला घेऊन गेली!”

त्या पांढऱ्या गाडीतल्या पोरांनीच काही केलं, हे माझ्या मनात पहिलं आलं. सिलू आमच्या गाडीतून निघाला, मी शेजाऱ्यांची गाडी मागून घेतली. ग्लोरीला शेजारणीकडे सोडलं. पाऊस असा कोसळू लागला की वायपरचा उपयोग नव्हता. रस्त्याकडेचे ताड कमरेतून वाकत होते. चर्च बंद. शाळा बंद. लाँड्रीतल्या बाईकडे नव्हती. क्रीकच्या पुलावर मी गाडी थांबवली आणि लाल पाण्याकडे पाहिलं. विहिरीत वाकून न बघणारी मी त्या कठड्यावरून वाकून पाहत होते, त्या पाण्यात पिवळं काही दिसतंय का. मोठ्याने तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना म्हणत होते आणि ओळी चुकत होते. वादळाचा भोंगा कधीही वाजेल आणि ही पोर उघड्यावर असेल. मी तिला नीट उतरवून घेतलं होतं ते काय यासाठी?

आणि उतरवून घेतलं म्हणताना मला एअरपोर्ट आठवला.

वादळामुळे विमानं बंद होती. आत दिवे अर्धेच चालू. त्याच बाकावर त्या दोघी बसल्या होत्या, ज्यावर पहिल्या दिवशी बसल्या होत्या. भिजलेल्या, चिकटून. बॅग पायाशी. होआच्या मांडीवर ते पिवळं स्वेटर, घडी करून, परत द्यायला काढून ठेवल्यासारखं.

मी तिच्यासमोर जमिनीवरच बसले. मला रडू आवरेना आणि रागही आवरेना. “अगं, का? आम्ही काय केलं तुला?” हे मी मराठीत विचारत होते, हेसुद्धा मला कळत नव्हतं.

लिनने आईकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. तिच्या तोडक्या इंग्रजीत ती म्हणाली, “ममी सेज, बाहेरचे लोक अंकलला मारतील. आमच्यामुळे.”

“कोण मारणार? अंकल घरी आहे.”

“खुर्चीवर,” लिन म्हणाली. “अंकलचा शर्ट. बोर्डवर गुडबाय. माय डॅडी, सेम. मार्केटमध्ये. खुर्ची, दोरी, बोर्ड. नंतर डॅडी नाही.”

होआने हाताने गळ्याखाली एक चौकोन काढला, पाटीएवढा. मग ती व्हिएतनामीत बरंच बोलली, हळू आवाजात. लिन सांगत गेली. ममीला आधी वाटलं, तो अंकलच आहे. मग हात पाहिले, मोजे होते. मग कळलं, ती त्या गाडीतल्या लोकांनी दिलेली ताकीद आहे. अंडी टाकणारे, मासे टाकणारे. आम्ही गेलो तर अंकलला काही करणार नाहीत. ममी म्हणते, इथे बसलो तर दुसरी कुठली फॅमिली येऊन घेऊन जाईल. लांबची. म्हणजे तुम्ही सेफ.

“अंडी?” मी म्हटलं. “अंडी तिला ठाऊक होती?”

“ममी वॉश्ड इट,” लिन म्हणाली. “सो यू डोन्ट गेट स्केअर्ड, आंटी.”

त्या ओल्या, स्वच्छ पायऱ्या माझ्या डोळ्यांसमोर आल्या. आम्ही तिच्यापासून लपवत होतो आणि ती आमच्यापासून. वरच्या मजल्यावर मी तिच्या काळजीने जागी असायचे, तेव्हा खाली तीही जागी होती. मला वाटत होतं, स्पॉन्सर मी आहे.

तो म्हातारा काय असतो, हे त्या एअरपोर्टवर मी तिला कसं समजावणार होते? आम्ही माणसासारखं माणूस करतो, त्याला बांधतो, गळ्यात पाटी घालतो आणि हसत हसत जाळतो. लहानपणापासून टाळ्या पिटत पाहिलेली गोष्ट पहिल्यांदाच मला भयंकर दिसली. मी काहीच समजावलं नाही. तिचा हात धरला, ओढला आणि म्हटलं, “इथे बसायचं नाही. चल. चल घरी.” पुन्हा पुन्हा तेच म्हणत राहिले. ती उठली.

सिलू आमच्या आधी घरी पोचला होता आणि फाटकाशी पावसात उभा होता. मी गाडीतूनच त्याला घाईघाईने सगळं सांगितलं. मला वाटलं, आता हा हसणार. हसला नाही. त्याने खुर्चीची दोरी सोडली. पाटी काढून तिचे तुकडे केले. म्हाताऱ्याची बटणं एकेक करून उघडली, भुसा झटकला आणि तो चिंब निळा शर्ट स्वतःच्या अंगात घालून वरपर्यंत बटणं लावली. मग होआसमोर जाऊन हात पसरून उभा राहिला.

“होम,” तो म्हणाला. “अंकल होम.”

होआने त्याच्या बाहीला बोट लावलं. आधी बाहीला, मग मनगटाला. मग ती जी रडायला लागली ती माझ्या खांद्यावर. त्या संध्याकाळी आम्ही सगळे बाथरूममध्ये दाटीवाटीने बसलो, टबभर पाणी आणि करंज्यांचा डबा घेऊन. सिलूच्या मानेला भुसा टोचत होता, पण शर्ट काही त्याने काढला नाही. वादळ किनाऱ्यापासूनच वळून समुद्रात गेलं. आम्ही पुन्हा कधी म्हातारा केला नाही.

ती पांढरी गाडी काही दिवसांनी यायची थांबली, का ते कळलं नाही. भीती मात्र गेली नाही, तिला सोबत मिळाली एवढंच. मी होज घेऊन उतरले की होआ झाडू घेऊन आलेली असायची.

दोन वर्षांनी होआ सिडनीला गेली. आता वेस्टमीडला हॉस्पिटलच्या लाँड्रीत सुपरवायझर आहे, जवळच वेंटवर्थव्हिलला तिचं छोटं घर आहे. लिन युनीला, म्हणजे युनिव्हर्सिटीला जाते आणि ऑस्ट्रेलियन मुलींसारखी नाकातून बोलते. दरवर्षी एकतीस डिसेंबरच्या दुपारी, साधारण तिने तो म्हातारा पाहिला त्याच वेळेला, होआचा फोन येतो. हॅपी न्यू इयर वगैरे नंतर. आधी एकच प्रश्न, “अंकल होम?” मग सिलूने फोन घ्यायचा आणि म्हणायचं, “होम, होम.” तेवढं ऐकलं की ती सुटकेचा श्वास टाकते. तो मला फोनच्या बाहेर ऐकू यायचा.

आता सांगा, जूनमध्ये मी तिला काय कळवणार होते? तो खुर्चीवरचा माणूस खरा नव्हता, घाबरू नकोस, आमच्याकडे सगळं ठीक असतं, हे आम्ही तिला इतकी वर्षं सांगत आलो. ते वचनच मोडलं. ग्लोरी पर्थहून फोनवर चिडते, “मम, जस्ट टेल हर. शी इजन्ट अ किड.” खरं आहे. पण लेकीला कसं कळावं, की मला अजून कुणाला तरी उतरवून घेतल्यासारखंच वाटतं, आणि उतरवून घेतलेल्या माणसाला अशी बातमी द्यायची नसते.

हे एवढं लिहून मी वही बाजूला ठेवली होती. आज वर्षाचा शेवटचा दिवस. पाऊस एकदाचा लागलाय. सकाळपासून बेडूक ओरडतायत. फोन दुपारी वाजला. मी तीन-चार वेळा वाजू दिला. मग उचलला.

“अंकल होम?”

मी तोंड उघडलं. काही आलंच नाही. ती ओळखून होती, अशा गप्प बसण्याचा अर्थ तिला कुणी शिकवायला नको होता. लांब कुठेतरी लिनचा आवाज आला, “ममी? व्हॉट हॅपन्ड?” मग मला होआच्या रडण्याचा आवाज आला. मी तिला रडू दिलं आणि माझं मी रडून घेतलं. जूनपासून कुणाबरोबर अशी रडले नव्हते.

“यू अलोन?” तिने विचारलं.

“हो,” मी म्हटलं.

“यू गो एअरपोर्ट. टुमॉरो. आय कम सिडनी एअरपोर्ट, आय वेट.” मग ती थांबली. शब्द आठवत असावी. आणि दहा वर्षांपूर्वी त्या एअरपोर्टवर ऐकलेले शब्द तिने सावकाश, एकेक करून माझ्या हातात ठेवले.

“चल,” होआ म्हणाली. “चल घरी.”